आजोबांची हनुवटी

आमच्या चिरंजीवांना पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता यायचा नाही, मान वाकडी करून दाढेने ओढायचा आणि मी आपली ओरडायची की नीट जेव. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येत होते हो, ते पाच वर्षांचा असल्यापासून दिसत होतं, पण सासूबाई म्हणायच्या ही आमच्या घराण्याची हनुवटी, आजोबांवर गेलाय. खोटं नाही ते, अल्बममध्ये तीन पिढ्यांच्या हनुवट्या ओळीने दिसतात. त्यात एका डेंटिस्टनीही सांगितलं की दुधाचे दात पडू देत, बारा-तेराव्या वर्षी तारा लावू. झालं, दोन वर्षं गेली.

शेवटी साडेसात वर्षांचा असताना ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात-जबडे जागेवर आणणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाजूने एक्स-रे काढला आणि म्हणाल्या, खालचा जबडा फार मोठा नाहीये, वरचाच मागे राहिलाय. वरच्याची वाढ आधी संपते, खालचा मात्र वयात आल्यावरही काही वर्षं वाढतच राहतो, म्हणून वरच्याला पुढे ओढायचं तर आत्ताच, साधारण दहाच्या आत, नंतर हाडं दाद देत नाहीत. तेव्हा मग वाढ पूर्ण होईपर्यंत थांबून ऑपरेशन. (हे ऐकून आमच्या ह्यांनी हळूच स्वतःची हनुवटी चाचपली!)

आधी टाळूला एक्सपान्डर, म्हणजे वरचा जबडा रुंद करणारा साचा बसवला. त्यात छोटा स्क्रू असतो, रोज रात्री चावीने एकदा फिरवायचा, एका वेळेला पाव मिलिमीटर. टाळूच्या मधला सांधा लहानपणी पक्का जुळलेला नसतो म्हणून तो उघडतो. आठवड्याभरात पुढच्या दोन दातांमध्ये ही मोठी फट, मी घाबरून फोन केला तर डॉक्टर खूश, म्हणे काम होतंय.

मग फेसमास्क. कपाळाला आणि हनुवटीला टेकू, मधे दांडी, आणि तोंडातल्या हुकांपासून दांडीपर्यंत रबरबँड. दिवसाचे बारा-चौदा तास घालायचा, म्हणजे शाळेतून आल्यावर आणि रात्रभर. पहिले दहा दिवस रडारड, हनुवटी लाल व्हायची, मग जुन्या मऊ रुमालाची घडी खाली ठेवायला लागलो. रबरबँड तर उशीखाली, वॉशिंग मशीनमध्ये, एकदा चक्क देव्हाऱ्यात सापडले. पाहुणे आले की हा बेडरूममध्ये, आणि मग त्याच्या चुलत भावाने एकदा अंतराळवीर म्हटलं तर साहेब मास्क घालून जिन्यात फिरायला लागले, मी इतके दिवस समजावत होते ते फुकट.

नऊ महिन्यांत वरचे दात खालच्यांच्या पुढे आले. पण सुटका नाही झालेली, वयात येताना खालचा जबडा पुन्हा पुढे पळू शकतो असं डॉक्टर आधीच बोलल्यात, दर सहा महिन्यांनी दाखवायचंय. दाराच्या चौकटीवर मी त्याच्या उंचीच्या रेघा हौसेने मारायचे, आता उंची झपाट्याने वाढायला लागली की लगेच कळवा म्हणून सांगितलंय, तर पेन्सिल तिथेच दोरीला बांधून ठेवलीये.