तुम्ही विचारलंत म्हणून: "सर, अजून तासिकेवरच?"

जुने विद्यार्थी एसटी स्टँडवर भेटतात, पाहुणे लग्नात भेटतात, प्रश्न तोच. सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालंय, विषय गणित, मग कॉलेजात अजून तासिकेवरच, म्हणजे तासागणिक मानधनावरच कसे? आणि त्याला जोडून, आयटीत का नाही गेलात?

आजवर "जागाच निघत नाहीत" एवढं सांगून मी सुटका करून घेतली. ते खोटं नाही. पण २०१२ साली एक कायम जागा निघाली होती.

मुलाखतीला अण्णा, म्हणजे माझे वडील, सोबत आले. मला वाटलं, काळजीपोटी आले असतील. फळ्यावर शिकवून दाखवायला सांगतील म्हणून मी एकसमान सातत्य तयार करून गेलो होतो. उदाहरण x² चं घेणार होतो. एप्सिलॉन म्हणजे उत्तरात किती फरक चालेल, डेल्टा म्हणजे त्यासाठी x किती हलू द्यायचा. एप्सिलॉन १ धरला तर १ जवळ डेल्टा ०.४ चालतो, १००० जवळ ०.०००५ सुद्धा पुरत नाही. सगळीकडे पुरेल असा एकच डेल्टा सापडतच नाही, म्हणून इथे एकसमान सातत्य नाही. खडूसुद्धा घरून नेला होता.

आत नाव विचारलं, गाव विचारलं, शेती किती ते विचारलं. "चार एकर," म्हणालो. सहा मिनिटांत बाहेर. गणिताचा शब्द निघाला नाही.

बाहेर संस्थेतल्या एकाने अण्णांना लिंबाखाली नेलं होतं. मी पोचलो तेव्हा तो "वीस" म्हणाला. लाख हा शब्द उच्चारलाही नाही. अण्णांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा काढला, गुडघ्यावर पसरला आणि घडी अंगठ्याने दाबत माझ्याकडे बघून म्हणाले, "दोन एकरात भागंल."

म्हणजे त्यांना घरून निघतानाच माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला. मी त्यांच्या हातातून कागद घेतला आणि स्टँडकडे चालू लागलो. गावी पोचेपर्यंत तीन तास आम्ही बोललो नाही. गाडी बदलताना त्यांनी केळी घेतली, दोन मला दिली.

तेव्हा मित्रांना ठणकावून सांगितलं होतं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. आज तेवढ्या जोरात सांगता येत नाही. बहिणीचं लग्न व्हायचं होतं. पैसे बुडाले असते तर मागायचे कुणाकडे? त्यात भीती किती होती आणि तत्त्व किती, हे मला अजून वेगळं करता येत नाही. आणि जमीन अण्णांची होती. नाही म्हणायचा हक्क मला कुणी दिला होता?

पुढचं तुम्ही बघताच आहात. आठवड्याला ४८ मिनिटांचे ९ तास, उन्हाळा बिनपगारी, घर बायकोच्या झेडपी शाळेच्या पगारावर. २०२१ मध्ये सरकारने २,०८८ पदांना मान्यता दिली, तेव्हा पुन्हा अर्ज भरले. मुलाखतीच्या रांगेत पीएचडी झालेली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलं होती. त्यांतली दोघं माझ्याच वर्गातली. त्यांनी उठून मला खुर्ची दिली.

आयटीचं म्हणाल तर मला शिकवायचं होतं. हे कारण कुणाला पुरेसं वाटत नाही, पण माझ्याकडे दुसरं नाही. गेल्या वर्षी तोच एकसमान सातत्याचा धडा चालू होता. मागच्या बाकावरची एक मुलगी, सहा महिन्यांत तोंड न उघडलेली, उभी राहिली. "सर, बिंदू आधी निवडायचा का डेल्टा आधी?" सबंध धडा त्या एका प्रश्नात आहे. मी तिला फळ्याशी बोलावलं, खडू दिला. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

यंदा मार्चमध्ये दुसऱ्या एका संस्थेतून फोन आला. आकडा आता तिप्पट आहे. मी नाही म्हणालो नाही. "घरी विचारून कळवतो," म्हणालो.

घरी आलो तेव्हा अण्णा ओसरीवर हरभऱ्याची पोती शिवत होते. मी सुतळीचं एक टोक धरून बसलो. विचारलं नाही. तिकडे कळवलंही नाही अजून.