दहावीनंतर लेकराला चाकू: तुम्ही विचारलंत म्हणून

जालना जिल्ह्यात आमची मोसंबीची रोपवाटिका आहे. दहावीचा निकाल लागला की रोपं बुक करायला आलेल्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "काका, तुम्ही भाच्यांना चाकू देता म्हणे. आमच्या पोरालाही घ्यायचाय, कोणता घेऊ?" आणि मग आवाज थोडा खाली आणून, "पण द्यावा का हो?" या दोन्हीची उत्तरं उभ्या उभ्या देऊन होत नाहीत, म्हणून लिहितो.

द्यावा का, हे आधी. विचारणाऱ्याच्या मनात काय असतं ते मला कळतं. हातात कोयता घेऊन रील काढणारी पोरं आता आपल्या गावांपर्यंत आलीत. भीती खरी आहे. पण त्या पोरांना तो कोयता मामानं चारचौघांत, काम शिकवून दिलेला नसतो. आपल्या वावरात लेकरं दहा-बारा वर्षांची झाली की विळ्यानं घास कापतात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. धार हातात आली ती कामासोबत आली, एवढंच त्यामागचं कारण. खिशातल्या चाकूचं मूळही तसंच आहे. स्वित्झर्लंडच्या सैन्याला कार्ल एल्सनर यांनी 1891 मध्ये पहिल्यांदा घडीचे चाकू पुरवले. त्यात एक पातं, एक टोचा, डबा उघडायचं अवजार आणि स्क्रूड्रायव्हर होता. शिपायाला बंदूक खोलता यावी आणि डबाबंद जेवण उघडता यावं, यासाठी तो बनवला होता. लाल मुठीचे व्हिक्टोरिनॉक्सचे चाकू याच घराण्याचे.

वयापेक्षा मी सवयी बघतो. काम झालं की पाना पुसून डब्यात जातो का? सायकलची चावी जागेवर सापडते का? चिडल्यावर हातातली वस्तू फेकली जाते का? या शेवटच्याचं उत्तर "हो" असेल तर अजून थांबावं, मग दहावीला कितीही टक्के पडलेले असोत.

आता कोणता. दुकानात शिरायच्या आधी लेकराचा हात दिवसभर काय करतो ते आठवा. जो पोरगा सुट्टीत शेतातल्या आखाड्यावर असतो, ठिबकची नळी कापून जॉइनर बसवतो, खताच्या पोत्याची शिवण उसवतो, सुतळी तोडतो, पेरू चिरतो, त्याला एकच चांगलं पातं लागतं. दहा अवजारांचा जाडजूड गठ्ठा त्याच्या खिशात दोन दिवस राहतो आणि मग कपाटात जातो. याउलट, सायकल, कूलर, पंपाचा स्टार्टर असलं काहीबाही सतत उघडून बसणाऱ्याला स्क्रूड्रायव्हर आधी लागतो, पातं नंतर. त्याच्यासाठी व्हिक्टोरिनॉक्सचा टिंकर बघा. त्याला पाठीमागे फुली स्क्रूचा ड्रायव्हर असतो. त्याच मापाच्या दुसऱ्या एका प्रकारात त्या जागी बाटलीचं बूच काढायचा स्क्रू येतो. आपल्या लेकराला त्याचा काय उपयोग?

लातूरला क्लासेससाठी जाणाऱ्या मुला-मुलींचं वेगळं. हॉस्टेलवर चाकू नेऊ देतात का, हे वॉर्डनला विचारल्याशिवाय काहीच देऊ नका. चालत असेल तर 58 मिलिमीटरचा, किल्ल्यांना अडकवायचा छोटा मिळतो. त्यात इवलंसं पातं, कात्री, नखं घासायची कानस आणि चिमटा असतो. कात्री तर रोज लागते. फक्त परीक्षेच्या दिवशी तो खोलीवर ठेवायचा, हे आधीच बजावून ठेवा.

शेतातल्या पोरासाठी मी स्वतः ओपिनेल घेतो. फ्रान्सच्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये हा चाकू बनवला. लाकडी मूठ, एक पातं, बस. 7 नंबरचं पातं 8 सेंटिमीटरचं असतं, 8 नंबरचं साडेआठ. लहान हाताला 7 पुरे. त्याच्या गळ्याशी लोखंडी कडं असतं, ते फिरवलं की उघडलेलं पातं जाग्यावर अडकतं. हे कडं 1955 पासून आलं आणि माझ्या मते तेच त्याचं मोल आहे. लाल चाकूंपैकी बहुतेकांत पातं फक्त पाठीमागच्या पट्टीच्या ताणावर उघडं राहतं. टोकानं भोक पाडायला जोर लावला तर ते बोटांवर मिटू शकतं. ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याच्यासाठी अडकणारं पातं बरं. ओपिनेलचा एक त्रास मात्र सांगून ठेवतो. मूठ बीचच्या लाकडाची असते, पावसाळ्यात ओली झाली की फुगते आणि पातं बाहेर काढता येत नाही. सावलीत वाळू द्यायची, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा. पातं स्टेनलेसचं घ्या. कार्बन पोलादाला धार छान लागते हे खरं, पण मोसंबी किंवा लिंबू कापून तसंच ठेवलं की ते काळं पडतं, आणि पंधरा वर्षांचं लेकरू प्रत्येक वेळी पुसेलच याची खात्री कुणी द्यावी?

खटक्यानं उघडणारा, दोन्हीकडं धार असलेला, मुठीवर कवटी असलेला, असा कुठलाही नको. तो बघताक्षणी दाखवायची इच्छा होते, कामाची होत नाही. पात्याला करवतीसारखे दात असलेलाही नको, घरच्या दगडावर त्याला धार लावता येत नाही. दुकानात चाकू उघडून पातं पाठीकडून चिमटीत धरा आणि आडवं हलवून बघा. सांध्यात खुळखुळ जाणवली तर तिथंच ठेवा. जत्रेतल्या दोनशे रुपयांच्या दहा-अवजारी चाकूत ती बहुधा असतेच. एवढेच पैसे असतील तर लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याचं छोटं खुरपं करून घ्या. ते पोलाद अस्सल असतं.

डावखुऱ्या लेकरांचा विचार कुणी करत नाही. माझी मोठी भाची डावखुरी. पातं उघडायला नखाची खाच असते ती बहुतेक चाकूंना उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी पाडलेली असते. तिला घेऊन मी दुकानात गेलो आणि तिच्याच हातात एकेक देऊन बघितला. आणि हो, भाचीलाही चाकू दिला. मुलीला कशाला, असं विचारणारे आहेत. ती आमच्याकडं मोसंबीचे डोळे भरते, म्हणजे कलमं करते, रंगपूर लिंबाच्या खुंटावर तिचा काप माझ्याइतकाच सरळ येतो. कलमाचा चाकू मात्र पहिला म्हणून देऊ नका. त्याला एकाच बाजूनं धार असते, इतर कामाला तो चालत नाही आणि त्या कामात वापरला की कलमाच्या कामातून जातो.

कायद्याचं विचारता म्हणून सांगतो. शस्त्र नियमांच्या यादीत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. आपला चाकू सव्वातीन इंचांचा. तरीही सणावाराला, निवडणुकीला जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतो, त्यात सुरे बाळगायला बंदी असते. म्हणून शाळा-कॉलेज, मिरवणूक, उरूस, माळेगावची यात्रा, इथं चाकू घरी. चिकलठाण्याहून विमानानं जायचं असेल तर हातातल्या बॅगेत तो चालत नाही.

चाकूसोबत धारेचा दगड द्याच. दोन बाजूंचा, एक खरखरीत, एक बारीक, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बोथट पात्याला जोर जास्त लावावा लागतो, मग ते घसरतं आणि जखम तिथंच होते. म्हणून एक संध्याकाळ काढा आणि लेकराला घेऊन ओसरीवर बसा. दगड ओला करायचा, बारीक बाजू वर. पातं दगडावर उभं धरायला सांगा, तो काटकोन. निम्मं झुकवलं की 45 अंश. पुन्हा निम्मं, की साधारण 22. तिथंच मनगट घट्ट ठेवून, दगडाचा पातळ पापुद्रा काढल्यासारखं पातं पुढं न्यायचं. दहा-पंधरा वेळा झालं की दुसऱ्या बाजूच्या काठावर अंगठा हलकेच आडवा फिरवायचा, काठाच्या लांबीनं कधीच नाही. बारीक खरखर लागली म्हणजे ती बाजू झाली. मग दुसरी. शेवटी जोर कमी करत एकदा इकडून, एकदा तिकडून. जुन्या कातडी पट्ट्यावर उलटं ओढलं की उरलेली खरखर जाते. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापायचा. कागद फाटला तर पुन्हा दगड, सरळ चिरला गेला तर झालं. माझ्या एका भाच्याला पहिल्या दिवशी हे जमलं नाही, तो रुसून उठला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच दगड घेऊन बसला.

धारेची वस्तू हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि समोरच्यानं उचलायची, असं घरातल्या म्हाताऱ्या सांगतात. भांडण होतं म्हणतात. कारण काही का असेना, तो नियम लेकरांना जसाच्या तसा लावा, आणि ठेवताना चाकू मिटलेला असू द्या.

खरेदीच्या आधी लेकराच्या आईला विचारा. मी बहिणींना विचारल्याशिवाय कधी घेत नाही. धाकटी पहिल्यांदा नाही म्हणाली तेव्हा मी त्या वर्षी भाच्याला पान्यांचा संच दिला. पुढच्या उन्हाळ्यात तिनंच फोन करून सांगितलं, आता आणा.