गिलियड, नौपाडा आणि मधले नाव

मॉन्ट्रियलला राहूनही ठाण्यातल्या ज्या वाचकगटात मी ऑनलाइन भाग घेते, त्याची बैठक नौपाड्यात संध्याकाळी सात वाजता भरते. इकडे उन्हाळ्यात तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. या वेळी मार्गारेट अ‍ॅटवुड या कॅनडाच्याच लेखिकेची 1985 सालची 'द हँडमेड्स टेल' ही कादंबरी चर्चेला होती. तिच्यातल्या गिलियड राजवटीत स्त्रियांना वाचायची बंदी आहे आणि मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना सत्ताधाऱ्यांच्या घरी केवळ त्यासाठी ठेवले जाते. इतिहासात कुठेही घडले नाही असे काही कादंबरीत आणायचे नाही, हा अ‍ॅटवुड यांचा स्वतःपुरता नियम होता.

इथल्या माझ्या मैत्रिणींनी ही कादंबरी उद्याची धास्ती म्हणून वाचली; नौपाड्यात मात्र बोलणे पणज्यांपासूनच सुरू झाले. रमाबाई रानडे शिकू लागल्या तेव्हा घरातल्या बायकांनीच त्यांना किती घालूनपाडून बोलले, हे त्यांच्या आठवणींत आहे, त्यामुळे स्त्रियांना धाकात ठेवणाऱ्या गिलियडमधल्या 'आंट' कुणाला परक्या वाटल्या नाहीत. बँकेतून निवृत्त झालेल्या काकूंना तर छळाच्या प्रसंगांपेक्षा, एका दिवसात सगळ्या स्त्रियांची खाती गोठवून पैसा नवऱ्याच्या हाती दिला जातो, हा भाग जास्त झोंबला. पासबुकात शिल्लक किती, हे सही करायला आलेल्या बाईलाच ठाऊक नसायचे, असे त्यांनी काउंटरमागून वर्षानुवर्षे पाहिले आहे.

खरी खडाजंगी नावावरून झाली. नायिकेला ज्या फ्रेडच्या घरी ठेवले आहे, त्याच्यावरून तिला ऑफ्रेड म्हणतात. घर बदलले की नाव बदलते. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितात, आणि नाव तेच ठेवले तरी मधले वडिलांचे नाव जाऊन नवऱ्याचे येते. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचे नाव बंधनकारक केले, तो उशिराचा पण चांगला निर्णय.

मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकमध्ये 1981 पासून लग्नानंतरही स्त्रीचे जन्मापासूनचे नावच कायद्याने कायम राहते, असे मी सांगितले. सासरी हौसेने नाव बदलून घेतलेल्या, आमच्यातल्या सर्वांत धाकट्या मुलीने लगेच विचारले, "म्हणजे ताई, तिथेही सरकारच ठरवणार ना?" नियम नवरा-बायको दोघांनाही सारखाच लागू असल्याने मला तो रास्त वाटतो. काकू मात्र तिच्या बाजूने गेल्या, आणि पुढचा तासभर कादंबरी मिटलेलीच राहिली.