परतवाड्यात शिवलेलं दोन पाखी छप्पर

पावसाळ्यात शनिवार-रविवारी चिखलदऱ्याला जाऊ नये, हे माझं आता ठाम मत आहे. पॉइंटवर दरी कमी आणि गाड्यांच्या उघड्या डिक्क्या जास्त, त्यातून तीन वेगवेगळी गाणी एकाच वेळी. लॉजच्या खोलीचे भाव ऐकून तर संतापच आला. देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, १८०३ साली इंग्रजांनी घेतलेला गाविलगड, सगळं पाहिलं, धुक्यात जेवढं दिसलं तेवढं. पण हा प्रवास माझ्यापुरता घडला तो घाटाखाली, परतवाड्यातल्या एका टेलरच्या दुकानात.

रात्री उघड्यावर मुक्काम करताना दोन झाडांमधे ताणायला, पाठीवर नेता येईल असं हलकं छप्पर मला हवं होतं. साधी १२० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम भरणारी ताडपत्री घेतली तरी तीन बाय तीन मीटरचा तुकडा किलोच्या वर जातो. सिलिकॉनचा लेप दिलेलं रिपस्टॉप, म्हणजे फाटलं तरी चीर पुढे न जाणाऱ्या विणीचं नायलॉन चौरस मीटरला पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे तेवढंच छप्पर दोऱ्या-खुंट्यांसकट सहाशे-सातशे ग्रॅममध्ये बसतं. दिवसभर चढ चढणाऱ्याच्या खांद्याला हा फरक विचारा. कापडाचा पन्हा दीड मीटर. त्यामुळे दोन पट्टे मधोमध जोडावे लागतात आणि तो जोड नेमका आढ्यावर येतो. सगळा ताण तिथे, पाऊसही तिथे. ही एक शिलाई जमली तर छप्पर जमलं.

मास्टरांनी कापड हातात घेतलं, चुरगाळलं, फुंकर मारून पाहिली. "लय घसरते हे, भाऊ. अस्तरापेक्षाही वाईट." पण नाही म्हणाले नाहीत. गिऱ्हाइकांचे ब्लाउज बाजूला सारून त्यांनी मला अर्धा दिवस दिला, त्याबद्दल किती लिहू!

आढ्याची कड सरळ कापायची नव्हती. दुकानाच्या भिंतीवर खाकी कागद लावला, दहा फुटांवर दोन खिळे ठोकले आणि त्यांना बारीक साखळी टांगली. मधे चार इंच झोळ येईल इतकी सैल सोडली आणि ती जशी लोंबली तशी खडूने रेघ ओढली. मास्टर बघत होते. "सरळ कापड वाकडं कायले कापता?" मी म्हटलं, दोन झाडांना ताणलं की आढं मधे थोडं तरी खाली येतंच. कड सरळ असेल तर तिथलं कापड सैल पडतं आणि वाऱ्यात रात्रभर फडफडतं. साखळी स्वतःच्या वजनाने जो बाक घेते, त्या बाकावर कापलं की ताण सगळ्या कडेवर सारखा वाटला जातो, दोन्ही पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, चांगली तंग बसतात. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे झोळ पडाच्या आधीच झोळ कापून टाकला म्हणा." इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

पुढचं सगळं त्यांचं. टाचण्या वर्ज्य, कारण टाचणीचं भोकही गळतं. त्यांनी वाळत घालायचे चिमटे लावले. सुई अकरा नंबरची. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा पाणी शोषतो आणि कुजतो. कापड घसरू नये म्हणून खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून टीप मारली आणि नंतर पट्टी फाडून काढली. दोन्ही काठ एकमेकांत दुमडून अडकवले, वरून दुहेरी टीप. जीन्सच्या पायाला असते ती शिलाई. कोपऱ्यांवर ताण ओरेब, म्हणजे विणीला तिरपा येतो, कापड तिथे ताणून वेडंवाकडं होतं, म्हणून तिथे दुहेरी ठिगळं आणि दप्तराच्या पट्ट्याचे फासे, उलटसुलट टिपांनी पक्के केलेले. काकूंनी दोनदा चहा आणला. दुसऱ्यांदा सोबत पोहे.

संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून शिलाईवर ब्रशने लावलं. सिलिकॉनच्या कापडाला सिलिकॉनच चिकटतं, बाकीच्या टेपा निघून येतात. रात्रभर ते दुकानातच वाळलं. मजुरी विचारली तर मास्टरांनी फक्त रिळाचे पैसे घेतले. वर घाटात एका रात्रीच्या खोलीला लोक काय मागतात ते आठवून मला फार भरून आलं.

मेळघाट १९७३-७४ साली जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथल्या जंगलात कुठेही तंबू टाकायचा नसतो आणि कोणी टाकूही नये. मी चिखलदऱ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या एका गवळी दादांच्या शेतात, त्यांना विचारून, धुऱ्यावरच्या दोन जांभळींच्या मधे दोरी बांधली. वारा पश्चिमेचा, म्हणून एक पाखं त्या अंगाला जमिनीपर्यंत खाली ओढलं.

पाऊस मध्यरात्रीनंतर आला आणि थांबलाच नाही. नायलॉन भिजलं की सैल पडतं, हा त्या कापडाचा खरा दोष. दोनदा उठून सरकगाठी ताणून घ्याव्या लागल्या. पण आढ्यातून एक थेंब आला नाही. बॅटरी लावून मी ती दुहेरी टीप बोटाने टोकापासून टोकापर्यंत चाचपली. कोरडी.

सोयाबीनमध्ये रानडुकरं शिरतात म्हणून दादा तसेही जागलीवर होते. पहाटे घोंगडी पांघरून आले, खाली वाकून आत बसले आणि वर बघत म्हणाले, "आमच्या मचाणावरची ताडपत्री रातभर बोंबलते. हे कशी काय चूप आहे?" मी साखळीचं सांगितलं. बाक कापडाचा नसतो, मापाचा असतो. ताडपत्रीलाही तो चालेल, फक्त तिला सुईची भोकं सोसत नाहीत, तर कडेच्या दुमडीत दोरी घालून मगच जाड दोऱ्याने शिवायला हवी. खाकी कागद मास्टरांकडेच आहे, हेही सांगितलं. दादांचं दर आठवड्याला खवा घेऊन परतवाड्याला जाणं असतंच. दुकानाचा पत्ता त्यांनी दोनदा विचारून घेतला.