एक ‘वा’ निसटला

काल तोंडून ‘वा’ गेला. मोठ्यानं नाही, पण गेला. मुंबईच्या एनसीपीएत पाश्चात्त्य संगीताची मैफल होती, तिथल्या त्या शांततेत शाल सावरली तरी ऐकू येते.

बीबर या जुन्या युरोपीय संगीतकाराचा पासाकाल्या चालला होता, सुमारे १६७६ चा. म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाला दोनेक वर्षं झालेली आणि बाख अजून जन्मायचाय. एकटं व्हायोलिन. तळाशी चार स्वर, सा, कोमल नि, कोमल ध, प. पासष्ट वेळा तेच. लेहराच की तो, तबल्याच्या मागे फिरत राहणारी तीच ती धून! फक्त लेहराही त्याच बाईनं धरायचा आणि वरचा तबलाही तिनंच वाजवायचा. मध्येच ते चार स्वर वरच्या सप्तकात जाऊन आले, खाली उतरले, ती अलगद पंचमावर टेकली आणि... गेला.

पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. रागानं नाही. देवळात लहान मूल बडबडलं की बघतात ना, तसं. तेच जास्त लागलं.

रात्रभर डोक्यात तेच. वाजवणारीला ऐकू गेलं असेल का? तिचा गज क्षणभर अडला का? अडला. नसेलही अडला. आबांच्या बैठकीत गप्प बसलं तर गवई विचारायचे, “बरं नाही का?” इथे दोन भागांच्या मध्ये मनसोक्त खोकलेलं चालतं, दाद तेवढी चालत नाही. आणि आबांनंतर माझ्या शेजारी बसून... असो. पण अडला का?

मध्यंतरानंतर रशियन संगीतकार शोस्ताकोविचचं आठवं क्वार्टेट, चार तंतुवाद्यांचं. १९६० साली ड्रेस्डेनजवळ तीन दिवसांत लिहिलेलं. त्यातही चारच स्वर, त्याच्या स्वतःच्या नावातून काढलेले : रे, कोमल ग, सा, नि. पाचही भाग सलग, खोकणाऱ्यांचीही पंचाईत. मी कार्यक्रमपत्रिका तोंडावर धरून बसले. चौथ्या भागात एक स्वर लांबच लांब आणि त्यावर तीन ठोके, रात्री दारावर पडावेत तसे. पुन्हा तीन. पत्रिका उगाच धरली होती. त्याला कोण ‘वा’ म्हणणार?

ताईला फोनवर सांगितलं तर ती हसतच सुटली. “एकच? आबा असते तर म्हणाले असते, बाई, ते पुन्हा घ्या.”

आज दुपारी पेटी काढली. कोमल ध दाबला की खालीच बसतो, नखानं उचलावा लागतो. सा नि ध प, सा नि ध प. वीसेक आवर्तनं झाली असतील, शेजारून भिंतीवर थाप आली. शोस्ताकोविचला तीन लागले होते, आमच्याकडे दोनांतच भागलं.