खापरपणजोबा सापडले : पुणे, गाव, त्र्यंबक आणि परत तालुका

आमच्या घरात वंशावळ पणजोबांपाशी येऊन अडकायची ती अडकायचीच. त्यांच्या वडलांचं नाव कोणालाच माहीत नाही. बाबांनी रिटायर झाल्यावर खटपट सुरू केली, ते गेले, मग त्यांची फाईल माझ्याकडे आली, म्हंजे एकूण चौदा वर्षं. त्या फाईलमध्ये काय होतं तर आजोबांचा शाळेचा दाखला, एक रेशनकार्ड आणि पानशेतच्या पाण्यात भिजून एकमेकाला चिकटलेल्या कागदांचा एक लगदा. १२ जुलै १९६१ ला आमचं बिऱ्हाड शनिवार पेठेत होतं, नदीपासून चार पावलांवर, ट्रंक माळ्यावर होती पण पाणी माळ्यापर्यंत आलं. पुण्यात निम्म्या जुन्या घरांची हीच गोष्ट असेल, त्यामुळे रडत बसत नाही.

आडनाव आमचं '-कर' वालं, गावावरनं पडलेलं. गावाचं नाव इथे देत नाही, पुण्यापासून पन्नासेक किलोमीटर आहे एवढं पुरे. आडनावातच गाव आहे म्हटल्यावर आम्हाला वाटलं सोपं काम आहे, तिकडे जायचं, आपल्या आडनावाचे जुने फेरफार (जमीन एकाच्या नावावरनं दुसऱ्याच्या नावावर झाल्याच्या नोंदी) काढायचे की झालं. बाबांनी दोनदा चकरा मारल्या, मी दोनदा, आणि चारही वेळा उत्तर एकच, या नावाचं खातं नाही. ऑनलाइनही बघून झालं. आपले अभिलेख म्हणून सरकारी साईट आहे तिथे बऱ्याच तालुक्यांचे जुने कागद स्कॅन करून टाकलेत, गाव आणि कागदाचा प्रकार निवडून बघता येतं, रात्र रात्र बसून त्या गावची पानं चाळली. शून्य.

मध्ये एकदा पेशवे दफ्तराचं, म्हंजे पेशवाईतल्या जुन्या सरकारी कागदांचं, खूळ डोक्यात शिरलं. कौन्सिल हॉलजवळची ती दगडी इमारत, पुणे पुराभिलेखागार. चाळीस हजारांच्या घरात रुमाल आहेत तिथे, रुमाल म्हंजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, आणि बहुतेक सगळं जुन्या मोडी लिपीत. मी आपला आधारकार्ड आणि अर्ज घेऊन मोठ्या उत्साहात गेलो. तिथे एक म्हातारे अभ्यासक रोज येऊन बसतात, त्यांनी चहाला बाहेर नेलं आणि विचारलं, "तुमच्याकडे वतन होतं? इनाम? पाटीलकी, कुलकर्ण, देवस्थान काही?" म्हटलं नाही बुवा. "मग इथे कशाला आलात?" जरा लागलं, पण बरोबर होतं त्यांचं. ज्यांच्याकडे वतन-इनाम, म्हंजे सरकारकडून मिळालेला पिढीजात हक्क किंवा जमीन, होतं त्यांच्यासाठी ती जागा म्हंजे खजिना आहे, १८५२ च्या कायद्याने इंग्रजांच्या इनाम कमिशनने प्रत्येकाला तुमचा हक्क कुठून आला ते सिद्ध करा म्हणून बसवलं होतं, त्यामुळे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या कैफियती लिहून दिल्यात. साध्या कुळाचं नाव तिथे सापडणं म्हंजे नशीब. तेव्हा जाण्याआधी स्वतःला तो एक प्रश्न विचारा, तुमची सुट्टी वाचेल.

भिंत फुटली ती गावच्या पारावर. तालुक्याच्या ऑफिसात (कुठल्या ते सोडा) एका साहेबांनी "१९३० च्या आधीचं आमच्याकडे काही नाही" म्हणून दुसऱ्यांदा परत पाठवलं होतं, ऊन मरणाचं, एसटीला दोन तास, म्हणून गावात जाऊन मारुतीच्या देवळापाशी बसलो. एक आजोबा तंबाखू मळत होते. कुठले, काय, कशाला आलात, सगळी चौकशी झाली. मी आडनाव सांगितलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "आरं बाबा, गावातला माणूस गावाचं नाव कशाला लावील? इथं आम्ही सगळेच त्ये की."

चौदा वर्षं. आणि ही गोष्ट आमच्या एकाच्याही डोक्यात आली नव्हती. गाव सोडल्यावर परगावचे लोक तुम्हाला अमुकगावकर म्हणतात, गावात असताना कोण म्हणेल? म्हंजे जे आडनाव घेऊन आम्ही त्या गावचे कागद चाळत होतो ते आडनाव त्या गावात असणंच शक्य नव्हतं. पुण्यात आल्यावर पेठेत कोणीतरी तसं म्हणायला लागलं असणार आणि आजोबांना शाळेत घालताना गुरुजींनी तेच जनरल रजिस्टरला लिहिलं असणार. मग मूळ आडनाव काय? ते पारावरच्या आजोबांना सांगता येईना. पुण्याला गेलेलं एक घर वरच्या आळीतलं होतं एवढं ऐकून माहीत होतं त्यांना.

आता आडनावाशिवाय शोधायचं कसं. इथे आत्या कामाला आली. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेत पण डोकं शाबूत. तिला पणजोबांच्या दोन भावांची नावं माहीत होती, पणजीचं नाव माहीत होतं, आणि ती म्हणाली की आजोबा सांगायचे, आपले वडील लग्नानंतर गोदावरीला जाऊन आले होते. लगेच म्हणाली, "मग उपाध्यांकडे लेख असेल की रे, तिथे गावावरनं बघतात." तिथे गावावरनं बघतात! हे वाक्य तिने चौदा वर्षांपूर्वी म्हटलं असतं तर, पण आम्ही बायकांना विचारलंच नव्हतं, बाबांनी फक्त काकांना विचारलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नाशिक, त्र्यंबक, पैठण, पंढरपूर, काशी, गया अशा ठिकाणी तीर्थोपाध्यांच्या घरी चोपडे असतात, नामावळ्या म्हणतात. यात्रेकरू आला की त्याचं नाव, गाव, बाप, आजा, भाऊ, बायका, मुलं लिहून घ्यायची. कुठल्या गावचे यजमान कुठल्या उपाध्यांकडे हे वाटलेलं असतं, त्यामुळे तुम्ही नुसतं गाव, तालुका आणि जात सांगितली तरी तुम्हाला बरोबर त्या घरी पोचवतात.

तर मी, आत्या आणि गाडी चालवायला आतेभाऊ, असे निघालो. पहाटे पाचला. पाचला म्हंजे पाचला, सहा वाजले की चाकणला अडकलातच. नारायणगावला चहा-मिसळ, मग संगमनेर, सिन्नर, नाशिक. आधी पंचवटीत रामकुंडावर विचारलं, तर तिथल्यांनी दोन मिनिटांत सांगितलं की तुमच्या तालुक्याचं आमच्याकडे नाही, त्र्यंबकला अमक्यांकडे जा. नाशिकचे उपाध्ये वेगळे, त्र्यंबकचे वेगळे, हे लक्षात ठेवा, एका ठिकाणी नाही मिळालं म्हणून परत फिरू नका. त्र्यंबक तिथून तीसेक किलोमीटर. गाडी नसेल तर वाकडेवाडीच्या स्टँडवरून नाशिकला भरपूर एसट्या आहेत आणि नाशिकहून त्र्यंबकला सारख्या सुटतात, पण मग मुक्काम धरूनच जा.

सोमवारी जाऊ नका, श्रावणात तर अजिबात नको, पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांची यात्रा असते तेव्हाही नको. नारायण नागबळीच्या पूजेचे मुहूर्त असले की उपाध्ये सकाळभर मोकळे नसतात, म्हणून आधी फोन करून दुपारची वेळ घ्या. आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्या गर्दीत तुमचा चोपडा शोधत बसायला कोणाला वेळ असणारे?

उपाध्यांचा वाडा देवळामागच्या गल्लीत. पंचेचाळिशीचे गृहस्थ, अंगात टीशर्ट, कानाला मोबाईल. गाव सांगितल्यावर आत गेले आणि लाल फडक्यात बांधलेले तीन चोपडे घेऊन आले. लांबट, अरुंद, पानं कडेनं तपकिरी. आधी मधल्या काळातला देवनागरीत उतरवलेला काढला, त्यात नाही. मग जुना, मोडीतला. मी सुट्टीत मोडीचा वर्ग केला होता खरा, पण वर्गातली मोडी आणि ही मोडी यात जमीन-अस्मानाचा फरक, हात न उचलता सलग लिहिलेलं, शब्द कुठे संपतो कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाहीच. ते मात्र पेपर वाचावा तसे वाचत होते. पान उलटायचं, बोट फिरवायचं, नाही, पुढे. अर्ध्या तासाने आत्याने सांगितलेलं भावाचं नाव आलं. मग दुसऱ्या भावाचं. मग पणजीचं.

शके १८१६, जयनाम संवत्सर. म्हंजे १८९४. पणजोबांचं नाव, बिन अमुक, म्हंजे अमुकचा मुलगा, आजा तमुक, त्याच्याआधी उपनाम म्हणून एक आडनाव जे आम्ही आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि खाली "हल्ली वस्ती पुणे पेठ नाना". त्याच्याखाली सही नाही. एक छोटंसं चित्र, दोन रेघा आणि एक आडवी दांडी, शेजारी लिहिलेलं, निशाणी नांगर. लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगर काढायचा हे वाचून माहीत होतं. पण त्यातली एक रेघ जराशी थरथरलेली होती, बोरू धरायची सवय नसणार, आणि ती बघितल्यावर मला पुढचं काही वाचताच येईना. आतेभाऊ आपला विचारतोय, "फोटो काढू का, काढू का?" उपाध्ये म्हणाले काढा, पण आमच्या पानाचाच, शेजारच्या घरांचा नको. त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

मग नवीन नोंद करायची वेळ आली. माझं नाव, मुलाचं, भावाचं, सगळ्यांच्या बायकांची नावं लिहिली. आत्या शांतपणे म्हणाली, "आणि माझं?" उपाध्ये म्हणाले, आजी, तुमचं सासरच्या घराच्या चोपड्यात असतं. आत्या म्हणाली, "तुम्ही याच्या पणज्याचं पान वाचून दाखवलंत ते मी सांगितलेल्या नावांवरनं सापडलंय." बरोबरच होतं की. त्यांनी हसून लिहिलं, माहेरच्या पानावर, वयासकट. दक्षिणेचं आधीच विचारून घेतलं होतं, त्यांनी आकडा सांगितला नाही, आम्ही समजून दिली. कोणी आकडा सांगितलाच आणि तो जास्त वाटला तर सरळ बोला, पण शंभर रुपयांवर घासाघीस करू नका, हे कागद चार-पाच पिढ्या त्यांनी वाळवीपासून जपलेत.

पण एका चोपड्यावर भागत नाही, नावं सारखी असू शकतात. आपल्याकडे आज्याचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे दर दुसऱ्या पिढीला तेच नाव, आणि पन्नास वर्षांच्या फरकाने भलताच माणूस गळ्यात पडतो. म्हणून परत तालुक्याला. या वेळी मूळ आडनाव आणि खापरपणजोबांचं नाव हातात. आणि "सगळे जुने कागद दाखवा" असं न म्हणता कागदाचं नाव घेऊन मागितला: गाव नमुना १४, कोतवाल बुक. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल ठेवायचा त्याचं हे रजिस्टर. खिडकीवर तेच साहेब. मागच्या वेळी नव्हतं ते या वेळी निघालं, कारण मधल्या काळात, २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधायची मोहीम झाली त्यात ही सगळी गाठोडी सुटून, झटकून, याद्या होऊन बसली होती. तुमचा कुणबी नोंदीशी काही संबंध असो नसो, त्या शोधाचा फायदा सगळ्यांनाच आहे, बऱ्याच जिल्ह्यांच्या सरकारी साईटवर स्कॅनही टाकलेत, आधी तिथे बघून जा.

कोतवाल बुकात पणजोबांच्या धाकट्या भावाचा मृत्यू सापडला, बापाचं नाव चोपड्यातलंच. आणि जुन्या फेरफारात वारसनोंद, त्यात एका भावाच्या नावापुढे "पुण्यास राहतो". तिसरा पुरावा. तेव्हा कुठे मी फाईलवर पेनाने लिहिलं, तोवर पेन्सिलच.

अजून काही गोष्टी, आठवतील तशा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते पाडवा या काळातली नोंद असेल तर ७९. महसुली कागदात फसली सन असतो, त्यात ५९० किंवा ५९१. आजचे गट नंबर जुन्या कागदात शोधू नका, ते जमिनींच्या एकत्रीकरणानंतरचे, आधी जुना सर्व्हे नंबर मिळवा. गाव बुद्रुक का खुर्द ते नक्की करा. नकलेच्या अर्जाची पोच घ्या, तारखेचा शिक्का मारून, नाहीतर पुढच्या वेळी अर्जच सापडत नाही. चोपड्याची उतरवलेली प्रत दाखवली तर मूळ आहे का विचारा, आमचं नाव उतरवताना गळलंच होतं. आणि मोडी येत नसेल तर पैसे देऊन वाचून घ्या पण फोटो दोघांकडून वाचून घ्या, एका वाचकाने आमच्या आडनावातलं एक अक्षर वेगळंच लावलं होतं.

मूळ आडनावाची गावात आजही पंधरा-वीस घरं आहेत. पारावरच्या आजोबांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "म्हंजे तुम्ही आमच्यातलेच निघाला की," आणि परत तंबाखू मळायला लागले.

आता पणजीचं माहेर राहिलंय. चोपड्यात तिचं फक्त सासरचं नाव आहे. आत्याला माहेरच्या गावाचं नाव आठवतंय, पण त्या नावाची जिल्ह्यात दोन गावं आहेत आणि त्यातल्या एकाचं परत बुद्रुक-खुर्द आहे. पुढच्या रविवारी खुर्दला जातोय, सकाळी साडेसहाला हडपसरहून, गाडीत एक जागा रिकामी आहे.