माहीमचा बुधवार

आज मावशीसोबत माहीमच्या सेंट मायकल चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला गेले होते. सलग नऊ बुधवार करायचे, आजचा तिचा सहावा. मावशी घरी रोज गणपतीची पूजा करते, पण माझ्या मामेबहिणीच्या बाळंतपणासाठी तिने हे बुधवार धरलेत.

बाहेर मेणाच्या वस्तू विकायला होत्या. पाय, हात, छोटं घर, बाळ. ज्याचं जे मागणं, ते मेणात. मावशीने बाळ घेतलं आणि उन्हात वितळू नये म्हणून पदराखाली धरलं. मला एकदम गावची देवी आठवली. डोळे बरे झाले की आम्ही तिला चांदीचे डोळे वाहतो, मूल झालं की पाळणा. वेगळं काय आहे हो यात?

रांगेत पुढे बुरख्यातल्या एक बाई होत्या. मावशीने विचारलं, "कोणासाठी?" म्हणाल्या, "लेकासाठी, नोकरी नाही. मखदूमबाबांकडेही जाऊन आले." बाबांचा दर्गा जवळच. तिथल्या उरुसाची पहिली चादर मुंबई पोलिसांची असते, याचं मला लहानपणापासून फार अप्रूप.

निघताना त्या बाई मावशीला म्हणाल्या, "तुमच्या पोरीसाठीपण मागते." मावशीने त्यांच्या लेकाचं नाव विचारून घेतलं. रात्री देवापाशी दिवा लावताना तिने ते नाव घेतलं.